बाप्तिस्म्याच्या वहीतील एक नाव



दरवर्षी २ नोव्हेंबरच्या, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनाच्या आधीच्या शनिवारी आम्ही काही स्वयंसेवक दफनभूमीची सफाई करतो. गवत काढायचे, कललेले क्रूस सरळ करायचे, थडग्यांना चुना द्यायचा. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी भिंतीलगतच्या एका दगडावरचे शेवाळ खरवडले, तर खाली अर्धे नाव आणि ‘१९’ एवढेच आकडे उरलेले दिसले. हे कोणाचे, म्हणून आम्ही विचारले. दोन वडीलधाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या घरांची नावे सांगितली. तिसरे म्हणाले, “ज्यांना माहीत होतं ते सगळे याच भिंतीच्या आत झोपलेत, बाबांनो.” आम्ही हसलो, पण ते बोलणे मनात राहून गेले.

त्या संध्याकाळी चहा पिता पिता आमचे मंडळ जन्माला आले. तेव्हापासून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, मिस्सा झाल्यावर, आम्ही आठ-दहा जण चर्चच्या हॉलमध्ये बसतो आणि आपापल्या घराण्यांचा शोध घेतो. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, दोन शिक्षिका आहेत, कॉलेजात शिकणारी तीन मुले आहेत, आणि शेजारच्या मेथडिस्ट मंडळीतले दोघे आहेत. इतिहासाचा पदवीधर आमच्यात एकही नाही. कोणी टपालाची तिकिटे जमवते, आम्ही आजोबा-पणजोबा जमवतो, इतकेच. छंद स्वस्त आहे. वही, पेन्सिल, भिंग आणि धीर एवढे असले की भागते.

वंशावळ सांगणे ही आपल्या बेळगाव भागाला नवी गोष्ट नाही. बैल घेऊन दारी येणारे हेळवी आपल्यातल्या जुन्या माणसांनी पाहिलेले आहेत. हेळवी अंगणात उभा राहून त्या घराच्या पिढ्या म्हणून दाखवतो, मूळ गाव कोणते, कोण कुठून कुठे गेला ते सांगतो आणि धान्य घेऊन पुढच्या घरी जातो. तसेच त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेला गेलेल्या माणसाने आपले, बापाचे, आजोबाचे नाव लिहवून घ्यायचे, की पुढच्या पिढीला ते सापडते. आपल्यापैकी ज्यांच्या पूर्वजांनी इथेच ख्रिस्ताचा स्वीकार केला, त्यांच्या घरी हा धागा बहुधा तिथेच तुटला. हेळव्याचा बैल दारी थांबेना, तीर्थाला कोणी जाईना. आमच्या मंडळातल्या एकाने मात्र आपल्या मूळ गावी जाऊन, अजूनही हिंदू असलेल्या भाऊबंदांच्या ओळखीने, तिथे येणाऱ्या हेळव्याची भेट घेतली. त्याच्या वहीत यांच्या पणजोबांच्या वडिलांचे नाव निघाले. त्यांच्यापुढे एका मुलाची शाखा होती आणि दुसऱ्या मुलापुढे काहीच नव्हते. ते ‘काहीच नाही’ म्हणजे आम्ही, असे तो भाऊ सांगत होता तेव्हा सगळा हॉल गप्प झाला होता.

त्या रिकाम्या जागेपासून पुढचे सारे चर्चच्या वहीत आहे. म्हणून या वह्या कशा सुरू झाल्या हे थोडे समजून घेऊ.

ट्रेंटच्या धर्मसभेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजीच्या बैठकीत ठरवले की प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूने विवाहांची वही ठेवावी, आणि बाप्तिस्म्याच्या वहीत धर्मपिता व धर्ममाता यांची नावे लिहावीत. कारण अगदी व्यवहारी होते. त्या काळी साक्षीदारांवाचून चोरून लग्ने होत आणि नंतर पुरुष कानांवर हात ठेवी. बाईला मात्र काही सिद्ध करता येत नसे. दुसरे असे की धर्मपिता-धर्ममाता होण्याने आत्मिक नाते जडते आणि त्या नात्यात विवाह होऊ शकत नाही, असा नियम होता. तेव्हा ते नाते लिहून ठेवणे भाग होते. १५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मसभा भरली आणि ट्रेंटचे निर्णय आपल्या किनाऱ्यावर लागू झाले. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने पाच वह्या सांगितल्या: बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि पॅरिशमधल्या घराघरांची नोंद.

वंशावळीसाठी म्हणून यातली एकही वही सुरू झाली नव्हती. तरी आज आपण पणजीचे नाव वाचतो ते याच नियमांमुळे. तेव्हा राजाच्या दप्तरात नाव लागायचे ते जमीन असलेल्याचे किंवा हुद्दा असलेल्याचे. चर्चच्या वहीत भाटकार आणि त्याचा मुंडकार एकाच पानावर, एकाखाली एक आले. आमच्या छंदातला हा पहिला आनंद आहे. गरिबाचे नावही तितक्याच शाईने लिहिलेले दिसते.

वाचायला मात्र त्रास होतो. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीज भाषेत आहेत, पण त्यांचा साचा ठरलेला असतो. तारीख, बाळाचे नाव, बापाचे व आईचे नाव, गाव, धर्मपिता-धर्ममाता, शेवटी धर्मगुरूची सही. साचा एकदा पाठ झाला की अडते ते फक्त नावांपाशी. लॅटिनमधला जोआनेस, पोर्तुगीजमधला जुआंव आणि रेल्वेच्या सर्व्हिस बुकातला जॉन हा एकच माणूस असतो. मिंगेल पुढे मायकल होतो, दुमिंग डॉमिनिक होतो. आमच्या एका शिक्षिकेने सहा महिने ज्यांना दोन भाऊ समजून दोन फांद्या काढल्या, ते एकच आजोबा निघाले. तिने शेवटी दोघांच्या नावाने एकच लाडू वाटला.

एक उपयोगी गोष्ट सांगतो. १९०८ पासून चर्चचा नियम असा आहे की माणसाचे लग्न झाले, की त्याची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीही करायची. म्हणून बाप्तिस्म्याची नोंद सापडली की समासाकडे जरूर पाहा. मुलगी कोणत्या गावी, कोणाच्या घरी गेली, ते तिथे बारीक अक्षरात लिहिलेले असू शकते. हरवलेली आत्या अशी समासात सापडते.

आपल्यातली पुष्कळ घरे गोव्याहून घाट चढून आलेली आहेत. १८८८ साली मुरगाव बंदराची रेल्वे कॅसलरॉकमार्गे इकडच्या रेल्वेला जोडली गेली आणि लोंढा, खानापूर, बेळगाव ही नावे गोव्यातल्या घरांत रोजची झाली. त्याआधीही छावणीत बेकरीवाले, शिंपी, खानसामे, बँडवाले म्हणून आपली माणसे होतीच. अशा घरांनी आधी घरातल्या मोठ्यांकडून गोव्यातले गाव आणि वाडा नक्की करावा. तेवढे हाती असले की पुढची वाट सोपी होते. अनेक पॅरिशांच्या जुन्या वह्या आज पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत. पोर्तुगीज काळात १५९५ साली दिओगु दु कोतु यांच्या हाती जे दप्तर सोपवले गेले, त्याचीच ही परंपरा. गोव्यात सरकारी नागरी नोंदणी १९१४ पासून सुरू झाली, त्यामुळे त्यानंतरचे जन्म-विवाह तिथेही शोधता येतात. घर गावकरीतले असेल तर कोमुनिदादच्या वांगडांच्या नोंदीत बाप-लेकांची साखळी मिळते. मुलींची नावे मात्र तिथे शोधू नका.

प्रोटेस्टंट बांधवांची वाट वेगळी आहे. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली सुरू झाले. मराठी गद्याचे एक आद्य लेखक बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावातच झाला, ते इथल्या मिशनच्या शाळेत शिकले, आणि १८५४ साली त्यांचा बाप्तिस्माही बेळगावातच झाला. त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र वाचले की पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती माणसाला घर, जात, नातेवाईक यांच्याबाबत काय सोसावे लागले हे कळते. १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंकही चाळण्याजोगे आहेत. मंडळ्यांच्या बातम्यांत एखादे ओळखीचे आडनाव भेटते. छावणीतल्या चर्चमधले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या प्रती त्या काळी लंडनला जात. मुंबई इलाख्याच्या त्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या मुख्यत्वे युरोपियनांच्या असल्या तरी त्यांत कधी आपलाही माणूस सापडतो.

मंडळात येणाऱ्या प्रत्येकाचा हेतू सारखा नसतो, हेही कबूल केले पाहिजे. काही जण पोर्तुगीज पासपोर्टसाठी आजोबांचा जन्मदाखला शोधत येतात आणि तो मिळाला की दिसत नाहीत. त्यांना दोष नाही, पोटाचा प्रश्न असतो. काही जण मात्र आपण धर्मांतराआधी मूळचे कोणत्या मोठ्या जातीचे होतो, हे सिद्ध करायला येतात. क्रुसाखाली गुडघे टेकून दोन-तीनशे वर्षे झाली, तरी हा काटा आपल्या पायातून निघालेला नाही. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात न संपणाऱ्या वंशावळींच्या नादी लागू नये असा इशारा दिला आहे. आमच्या पहिल्याच बैठकीत फादरांनी तो वाचून दाखवला होता. त्याचा अर्थ आम्हांला खऱ्या अर्थाने कळला तो मागच्या वर्षी.

चर्चच्या सणासाठी आम्ही हॉलच्या भिंतीवर पॅरिशमधल्या जुन्या घराण्यांचे तक्ते लावायचे ठरवले होते. ऐंशी ओलांडलेल्या एक मावशी आहेत. आजारपण सोडले तर त्यांची सकाळची मिस्सा कधी चुकत नाही. त्यांच्या घरी पिढीजात सांगत आले होते की त्यांची आजी बार्देशातल्या भाटकाराची लेक, लग्नात पालखीतून आली, अंगावर इतके तोळे सोने होते. मावशींच्या जन्माआधीच ती आजी गेलेली. आम्ही तिची बाप्तिस्म्याची नोंद गोव्यात शोधली, मिळाली नाही. मिळाली ती इथेच, जवळच्या एका जुन्या वहीत. साल १८७७. नाव मारिया. वय सुमारे चार वर्षे. आईवडिलांच्या जागी लॅटिनमध्ये दोनच शब्द: पारेन्तिबुस इग्नोतिस. म्हणजे आईवडील अज्ञात. त्याच पानावर तिच्या वर-खाली आणखी काही मुले होती, आणि त्यांच्यापुढेही तेच दोन शब्द.

१८७७ हे साल ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. १८७६ च्या पावसाने दगा दिला आणि पुढची दोन वर्षे बेळगाव, धारवाड, कलादगी, सोलापूर, सातारा या साऱ्या मुलखात माणसे अन्नावाचून मेली. खडी फोडायच्या सरकारी कामांवर बायका-पोरे राबली. जी पोरे मागे राहिली ती मिशनच्या, चर्चच्या, कोणा दयाळू घराच्या आसऱ्याला आली. वहीत ‘दुष्काळ’ हा शब्द नाही, पण एका पानावर ओळीने अशी मुले याहून निराळे काय सांगणार?

इथे आमची चूक झाली. नोंद सापडल्याच्या आनंदात आमच्यातल्या एकाने ती बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. मावशी तिथेच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पदर सावरून उठल्या आणि दाराशी जाऊन एवढेच म्हणाल्या, “ते पान मिटा. भिंतीवर आमचं घर नको.”

त्यानंतर आमच्यात वाद झाला. काही जण म्हणाले, जे खरे आहे ते लावले पाहिजे, नाही तर हा इतिहास कसला? काही म्हणाले, ती आजी त्यांची आहे, आपल्या भिंतीची नव्हे. शेवटी सर्वांना पटले की आधी मावशींची माफी मागायची आणि मग त्या म्हणतील तसे. आम्ही तिघे त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण चेहरा बंद होता.

निघताना रोजच्याप्रमाणे प्रार्थना करायची म्हणून त्यांच्या नातीने बायबल आणले, आणि आम्ही मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढला. एरवी आपण तो भरभर वाचून पुढे जातो. चौदा-चौदाचे तीन गट, नावांमागून नावे. पण त्या यादीत मत्तयने चार बायका ठेवल्या आहेत: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. एकीची कथा घरात कुजबुजून सांगण्यासारखी. दुसरी यरीहोची वेश्या. तिसरी मवाबातली परकी विधवा, दुष्काळाने फिरलेल्या घरातली, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून पोट भरणारी. चौथीचे तर नावही घेतलेले नाही. मत्तयला हवे असते तर त्याला सारा, रिबेका, राहेल अशी मानाची नावे घेता आली असती. त्याने ती घेतली नाहीत. प्रभूच्या वंशावळीत त्याने हीच नावे राहू दिली.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, “त्या वहीत धर्ममातेचं नाव होतं का?”

होते. ट्रेंटच्या त्या जुन्या नियमामुळे होते. आम्ही सांगितले.

“माझ्या थोरल्या आत्याचं नाव तेच होतं,” मावशी म्हणाल्या. “एवढं जुनं नाव का ठेवलं म्हणून आम्ही तिला चिडवायचो.”

चार वर्षांच्या त्या पोरीला हाताशी धरून कोणी एक बाई वेदीपाशी उभी राहिली होती. त्या पोरीने पुढे आपल्या पहिल्या लेकीला त्याच बाईचे नाव दिले. पालखी आणि सोने यांची गोष्ट कुठून आली कोण जाणे. कदाचित लेकरांना सांगायला आईजवळ दुसरे काही नव्हते. पण ही दुसरी गोष्ट खरी होती आणि ती वहीत दीडशे वर्षे शांतपणे बसून होती.

“लिहा,” मावशी म्हणाल्या. “पण ‘अज्ञात’ नका लिहू. ‘नोंद नाही’ असं लिहा. आईबाप होते तिला.”

तक्त्यावर आम्ही तसेच लिहिले, आणि मावशींच्या सांगण्यावरून मारियाच्या शेजारी तिच्या धर्ममातेचे नावही लिहिले. सणाच्या दिवशी मावशी त्या तक्त्यापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच सांगत होत्या.

एज्राच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. बाबेलच्या बंदिवासातून लोक परतले तेव्हा काही घराण्यांनी आपण याजक असल्याचे सांगितले, पण वंशावळीच्या नोंदींत त्यांची नावे सापडली नाहीत, म्हणून त्यांना याजकपणातून वगळण्यात आले. नोंद नाही, तर हक्क नाही. जगाची दप्तरे अशीच चालतात. त्या १८७७ च्या पानावर मात्र उलटे झाले. जिच्या वंशाची काहीच नोंद नव्हती, तिची नोंद तिथे सुरू झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू वंश विचारत नाही, नाव विचारतो. आम्हांला वाटते, ख्रिस्ती माणसाने वंशावळीचा छंद जोपासावा तो याचसाठी. आपण किती उंचावरून आलो हे मोजायला नव्हे, तर आपला हात कोणी कोणी धरला होता हे कळावे, आणि त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करता यावी म्हणून.

त्या दिवसापासून आम्ही स्वतःला तीन नियम घालून घेतले. नोंद आधी त्या घरच्या माणसाला एकट्याला दाखवायची. हयात माणसाचे नाव त्याला विचारल्याशिवाय तक्त्यावर घालायचे नाही. आणि वहीचे फोटो काढून कुठेही टाकायचे नाहीत. वह्या चर्चच्या आहेत आणि फादरांच्या परवानगीनेच उघडायच्या. २००८ साली रोमनेही धर्मप्रांतांना कळवले होते की पॅरिशच्या वह्या चित्रफितीसाठी बाहेरच्या वंशावळ संस्थांच्या हवाली करू नयेत. नावांच्या मागे माणसे असतात, हे मावशींनी आम्हांला त्याहून नीट शिकवले.

तुमच्या गावी, तुमच्या मंडळीत असे काही सुरू करायचे असेल तर वह्यांपासून सुरुवात करू नका. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापासून करा, आणि तेही या आठवड्यात. गाव, वाडा, लग्न कुठे झाले, धर्ममाता कोण होती, एवढे चार प्रश्न विचारा आणि उत्तर जसेच्या तसे तारीख घालून लिहा. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा. मग वह्यांकडे वळा.

भिंतीलगतचा तो दगड अजूनही कोणाचा ते कळलेले नाही. येत्या नोव्हेंबरात आम्ही त्याला पुन्हा चुना लावू आणि एक मेणबत्ती ठेवू.

हे प्रभो, ज्यांची नावे आम्हांला ठाऊक आहेत आणि ज्यांची फक्त तुला ठाऊक आहेत, त्या आमच्या सर्व पूर्वजांना तुझ्या शांतीत ठेव. ज्यांनी परक्या लेकरांचा हात धरला त्यांना त्याचे फळ दे. आमच्या दारी येणाऱ्या लेकरालाही वंश न विचारता नाव विचारण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.